घरसुधारणा : आधी वळचण, मोरी आणि चूल

शेतीसुधारणेचा विचार बांधापाशी सुरू होतो आणि बहुधा बांधापाशीच संपतो. सुधारित बियाणे, खतांची मात्रा, रोपांतील अंतर यांविषयी शेतकऱ्यांशी पुष्कळ बोलले जाते. परंतु ज्या घरातून राबणारे हात शेतावर जातात, त्या घराची चूल कशी जळते, मोरीचे पाणी कोठे जाते आणि वळचणीचे पाणी कोणाच्या कामी येते, याची चौकशी क्वचितच होते. वास्तविक घर आणि शेत ही एकाच संसाराची दोन अंगे आहेत. घरातील शेण, राख, पाला, सांडपाणी आणि छपरावर पडणारा पाऊस ही सारी शेतीचीच संपत्ती होय. ती वाया जाऊ देणे म्हणजे पिकलेले भात खळ्यावर भिजू देण्यासारखेच आहे.

अलीकडे पर्यावरणपूरक घर हा शब्द वारंवार ऐकू येतो. तो कानावर पडताच सामान्य शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे छपरावरील सौर पट्ट्या, महागडी यंत्रे आणि शहरातील बंगला उभा राहतो, आणि हे आपले काम नव्हे असे मानून तो स्वस्थ बसतो. हा समज दूर करणे हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे पहिले कर्तव्य आहे. घर निसर्गाला धरून चालविण्यास मोठे भांडवल लागत नाही. कोणते काम आधी आणि कोणते नंतर, याचा विवेक मात्र लागतो.

मानकोलीचे बदललेले घर

या दृष्टीने भिवंडी तालुक्यातील मानकोली या गावाचे उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. मुंबई–नाशिक महामार्गालगत व उल्हास नदीच्या खाडीच्या आसऱ्याने असलेला हा भाग परंपरेने भातशेतीचा. पावसाळ्यात आवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि पुढे वालासारखे ओलीवर येणारे पीक, असा येथील वर्षाचा क्रम होता. गेल्या काही दशकांत महामार्गाच्या दोन्ही अंगांना गोदामे उभी राहिली आणि हा पट्टा देशातील मोठ्या गोदाम-पट्ट्यांपैकी एक गणला जाऊ लागला. भातखाचरांत भराव पडले, अवजड वाहनांची वर्दळ वाढली. अनेक कुटुंबांजवळ आता शेताचा एखादा तुकडा, जुनी विहीर आणि राहते घर एवढेच उरले आहे.

घरही पूर्वीचे राहिले नाही. कुडाच्या किंवा विटांच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, कौलारू छप्पर, पुढे ओटी व पडवी आणि मागे परसू, अशी जुनी रचना होती. त्या घरात अंधार व धूर होता हे खरे. पण उन्हाळ्यात ते थंड राही आणि त्यातील बहुतेक टाकाऊ वस्तू पुन्हा मातीत जात. आता सिमेंटचे घर, वर पत्रा, अंगणात फरशी किंवा काँक्रीट आणि शेजारी भाड्याने देण्यासाठी बांधलेल्या खोल्या, असे चित्र सर्रास दिसते. पक्के घर ही प्रगतीच आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र पाणी मुरण्याची, कचरा कुजण्याची आणि वारा खेळण्याची जागा या बदलात नाहीशी झाली, आणि तिची भरपाई कोणी केली नाही. ती थोडक्या खर्चात करता येते, हेच येथे सांगावयाचे आहे.

वळचणीचे पाणी

ठाणे जिल्ह्यात वर्षाकाठी साधारणतः २५०० मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी मिळते. या हिशेबाने ५० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५४० चौरस फूट छपरावर वर्षभरात सव्वा लाख लिटर पाणी उतरते. पाचवा हिस्सा उडून व सांडून गेला असे धरले तरी एक लाख लिटर उरते. ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठी दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले जाते. पाच माणसांच्या कुटुंबास त्याप्रमाणे रोज २७५ लिटर पाणी लागेल. म्हणजे एका बेताच्या छपरावरून वाहून जाणारे पाणी त्या घराच्या जवळजवळ वर्षभराच्या गरजेइतके असते! असे असून उन्हाळ्यात त्याच घरातील बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात, हा केवळ दैवाचा दोष म्हणता येणार नाही.

हे सारे पाणी टाकीत साठविणे सामान्य कुटुंबास परवडणार नाही, कारण ते चार महिन्यांतच येते. म्हणून दोन कामे करावीत. पहिले काम म्हणजे वळचणीला पन्हळ लावून पावसाळ्यातील धुण्या-भांड्यांचे व गुरांचे पाणी तेथून घ्यावे. वीस मिलिमीटरची एक सर आली तरी वर सांगितलेल्या छपरावरून सुमारे ८०० लिटर पाणी मिळते; म्हणजे २०० लिटरचे पिंप चार वेळा भरते. पिंपावर बारीक जाळी किंवा घट्ट झाकण असावे, नाही तर डासांची पैदास होईल. गोदामांच्या परिसरात जुनी पिंपे स्वस्त मिळतात. पण ज्या पिंपात पूर्वी रसायन, रंग किंवा तेल होते ते कितीही धुतले तरी पाण्यासाठी वापरू नये. येथे केलेली काटकसर अंगाशी येते.

दुसरे व अधिक महत्त्वाचे काम म्हणजे पन्हळीचे पाणी गाळून विहिरीत किंवा कूपनलिकेजवळील खड्ड्यात सोडणे. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे; आड भरण्याची मात्र कोणास आठवण राहत नाही. महामार्गाची धूळ छपरावर सतत बसते, म्हणून पहिल्या दोन-तीन पावसांचे पाणी बाहेर जाऊ द्यावे. त्यानंतरचे पाणी मोठी खडी, बारीक खडी आणि धुतलेली वाळू यांच्या थरांतून गाळून घ्यावे व हे थर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी काढून धुवावेत. विहिरीत सोडलेले सर्व पाणी तेथेच थांबेल असे नाही. खडकाच्या भेगांतून ते पुढेही जाते. तरी खाडीजवळच्या विहिरीचे पाणी मचूळ होण्याची भीती असते, तेथे पावसाच्या गोड्या पाण्याचा हा भरणा उपकारकच ठरतो. छप्पर सिमेंटच्या जुन्या पत्र्याचे असल्यास त्यावरील पाणी पिण्यास घेऊ नये. विहिरीचे पाणीही पिण्यापूर्वी शुद्ध करून किंवा उकळूनच वापरावे.

मोरीचे पाणी

पाणी आत येण्याइतकाच त्याच्या बाहेर जाण्याचा प्रश्न महत्त्वाचा आहे. मोरी व न्हाणीचे पाणी रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या भिंतीशी सोडून दिल्याने डास वाढतात, पायवाटा निसरड्या होतात आणि शेजारधर्म बिघडतो तो वेगळाच. यावर शोषखड्डा हा सर्वपरिचित उपाय आहे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद व तितकाच खोल खड्डा घ्यावा. तळाशी मोठे दगड, मध्ये मध्यम व वर बारीक खडी भरावी. तोंडाशी भोके पाडलेले मडके किंवा लहान टाके ठेवून त्यात साबणाचा गाळ व खरकटे अडवावे. हा गाळ नियमितपणे काढला नाही तर चांगला खड्डाही तुंबतो. नांदेड जिल्ह्यात शोषखड्ड्यांची मोहीम गावोगाव पोहोचून गटारे व डास कमी करण्यास साहाय्यभूत झाली, हे महाराष्ट्रास ठाऊक आहे.

परंतु नांदेडचा उपाय मानकोलीस जसाच्या तसा लावून चालणार नाही, याकडे कार्यकर्त्यांनी विशेष लक्ष द्यावे. खाडीकाठच्या सखल जागेत पावसाळ्यात भूजल हातभर खोलीवर येते. अशा ठिकाणी खणलेला खड्डा पाणी शोषण्याऐवजी स्वतःच भरून राहतो आणि घाण पाणी विहिरीच्या पाण्यात मिसळण्याचा धोका उत्पन्न होतो. म्हणून उंचवट्यावरील मुरमाड जागेतच शोषखड्डा घ्यावा व तो विहिरीपासून किमान १५ मीटर दूर असावा. सखल जागी मात्र सांडपाणी उथळ चरांतून परसातील केळी, अळू आणि कर्दळ यांच्याकडे वळवावे. ही झाडे ओल सहन करतात. केळीचे चार-पाच कंद लावण्यास खर्च कितीसा येतो? आणि त्यांची पाने, केळफुले व फळे घरातच उपयोगी पडतात. अळू सांडपाण्यावर वाढविलेले असल्यास पाने चांगली धुवून व शिजवूनच खावीत, आणि कच्ची खाण्याची भाजी तेथे लावू नये.

चूल आणि धूर

ज्या घरात गॅसची शेगडी आली आहे तेथेही न्हाणीचे पाणी तापविण्यास आणि भाकरी भाजण्यास चूल पेटते. धुराचा पहिला मारा स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्या डोळ्यांवर व फुप्फुसांवर आणि तिच्या कडेवरील मुलावर होतो. हा प्रश्न काही आजचा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत सुधारलेली मगन चूल आणि १९५३ च्या सुमारास हैदराबाद येथील संशोधन शाळेत डॉ. राजू यांनी तयार केलेली धुराड्याची चूल, हे या दिशेने झालेले आरंभीचे प्रयत्न होत. पुढे १९८० नंतरच्या दशकात राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला व २००२ पर्यंत देशात सुमारे साडेतीन कोटी चुली बसविण्यात आल्या. त्यांपैकी पुष्कळ चुली थोड्याच काळात मोडल्या किंवा निकामी झाल्या. धुराडे साफ केले गेले नाही, भांड्याच्या मापाप्रमाणे चुलीचे तोंड वाढविले गेले, तुटलेला भाग पुन्हा मिळाला नाही. चूल बसविल्याची नोंद झाली. ती जळते की नाही याची चौकशी झाली नाही.

या अनुभवातून घ्यावयाचा धडा उघड आहे. जी वस्तू वापरणाऱ्या व्यक्तीच्या सोयीची नाही, ती फुकट दिली तरी टिकत नाही. म्हणून चुलीसंबंधी पुरुषांच्या सभेत निर्णय घेण्यापूर्वी ती पेटविणाऱ्या गृहिणीस विचारावे. तोपर्यंत बिनखर्चाच्या तीन गोष्टी प्रत्येक घरास करता येतील. लाकडे पावसाळ्यापूर्वी फोडून छपराखाली कोरडी ठेवावीत, कारण ओले लाकूड आपल्या उष्णतेचा काही भाग स्वतःतील पाणी आटविण्यातच घालविते. भांड्यावर झाकण ठेवावे व डाळ-तांदूळ आधी भिजत घालावेत. चुलीवरच्या भिंतीस वरच्या बाजूने वाट करून धूर बाहेर जाऊ द्यावा.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. गोदामांच्या आसपास पॅकिंगचे प्लास्टिक, थर्माकोल, चिकटपट्टी लावलेले पुठ्ठे मुबलक सापडतात आणि चूल चटकन पेटावी म्हणून ते जाळण्याचा मोह होतो. हा धूर लाकडाच्या धुरापेक्षा कितीतरी विषारी असतो. त्याच्यावर शिजवलेली भाकरी स्वस्त पडत नाही. सामान ठेवण्याच्या लाकडी फळ्याही रंगविलेल्या किंवा औषधी द्रावण दिलेल्या असल्यास चुलीत घालू नयेत.

गोबर गॅस हे उत्तम साधन आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ च्या सुमारास मैल्यापासून निघणारा वायू उपयोगात आणला गेला होता. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून मैल्याचे सोनखत व गोबर गॅस यांचा प्रचार केला, आणि त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन देहू येथील डॉ. मापुसकर यांनी शौचालयास जोडलेले वायुसंयंत्र सिद्ध केले. पण एक घनमीटर वायूसाठी रोज सुमारे २५ किलो शेण लागते. ज्या घरी आता एकच गाय आहे किंवा तीही नाही, त्याला दोन घनमीटरचे संयंत्र सुचविणे म्हणजे बैल नसताना नांगर विकत घ्यावयास सांगणे होय. कोणता उपाय कोणत्या घरी सुचवू नये, हे जाणणे हेही विस्ताराचे कामच आहे.

उकिरडा आणि राब

कोकणातील शेतकरी भाताचे रोप करण्यापूर्वी पाला, कवळ, शेण व गवत पसरून राब भाजतो. तण मरते व रोप जोमाने येते हे त्याचे अनुभवाचे बोल आहेत, त्यांना अडाणीपणा म्हणणे योग्य नाही. पण त्यासाठी झाडांच्या फांद्या छाटल्या जातात आणि खत होऊ शकणारे शेण राख होते. चारसूत्री भातशेतीत भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेच्या गादीवाफ्यात मिसळण्याची आणि गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडण्याची शिफारस आहे. घराच्या कुंपणाला गिरिपुष्पाच्या काठ्या लावल्या तर कुंपणही होते व हिरवळीचे खतही मिळते.

घरातील भाजीचे देठ, केरातील पाला, शेण व राख यांचे खत प्रत्येक घरी होऊ शकते. मात्र येथेही स्थळाचा विचार हवा. देशावर खड्ड्यातील खत सोयीचे. कोकणच्या पावसात खड्डा पाण्याने भरतो व खताचा कस वाहून जातो. म्हणून पुसदच्या नाडेपकाका पांढरीपांडे यांनी रूढ केलेल्या पद्धतीप्रमाणे जमिनीच्या वर विटांची जाळीदार टाकी करावी. घरापुरती टाकी लहान असली तरी चालेल, किंवा फळ्यांच्या पिंजऱ्यात ढीग रचून वर पेंढा अथवा झावळ्यांचे छप्पर घालावे. ढीग ओलसर ठेवून अधूनमधून माती व शेणकाला द्यावा. तीन-चार महिन्यांत खत तयार होते. ओला कचरा वेगळा काढल्यावर जो कोरडा उरतो त्याला भंगारवाला पैसे देतो, आणि मग जाळावयास फारसे काही उरत नाही.

पत्र्याची उष्णता आणि विजेचे बिल

पत्र्याच्या घरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बसवत नाही. त्यावर पंखे वाढविणे हा पहिला उपाय नव्हे. होळीच्या सुमारास पत्र्यावर चुन्याची पांढरी सफेदी केली असता बरीचशी उष्णता परतविली जाते. पावसाने ती धुऊन जाते, म्हणून हे काम दरवर्षी करावे लागते. पण पिशवीभर चुना आणि एका सकाळचे श्रम याहून त्यास अधिक काही लागत नाही. चुना धुऊन निघेपर्यंत पन्हळीचे पाणी घेऊ नये, एवढे लक्षात ठेवावे. घराच्या पश्चिमेस मांडव घालून दुधी, घोसाळी किंवा कारल्याचा वेल चढविल्यास भिंत तापत नाही व भाजीही मिळते. समोरासमोर दोन झरोके असल्यास वारा आपोआप खेळतो.

विजेचाही हिशेब घरातील मुलाकडून करवून घ्यावा. साठ वॅटचा जुना दिवा रोज पाच तास जळला तर महिन्यास ९ युनिट वीज खातो. तेवढाच उजेड देणारा नऊ वॅटचा एलईडी दिवा दीड युनिटही घेत नाही. छपरावरील सौर पट्ट्यांची योजना चांगली आहे, ज्यास शक्य असेल त्याने तिचा लाभ जरूर घ्यावा. पण गळके छप्पर, तुंबलेली मोरी आणि जुने दिवे तसेच ठेवून पट्ट्या बसविणे हा उलटा क्रम झाला.

एका घराने काय होणार?

या साऱ्यावर मानकोलीसारख्या गावात एक प्रश्न हमखास विचारला जातो, आणि तो टाळण्यासारखा नाही. महामार्गावर दिवसरात्र मालगाड्या धूर ओकत आहेत, भरावामुळे ओढ्यांच्या वाटा अडल्या आहेत, उघड्यावर कचऱ्याचे ढीग पेटत आहेत. मग गरिबाच्या चुलीवर आणि मोरीवर बोट का ठेवता?

हा प्रश्न रास्त आहे. मोठ्यांचा दोष लहानांच्या माथी मारणे हा अन्यायच होय, आणि घरच्या केळीने गोदामाच्या भरावाचे परिमार्जन होणार नाही. ती जबाबदारी ज्यांची आहे त्यांच्याकडून ती पार पाडून घेतलीच पाहिजे. तरीही घरातील सुधारणा थांबवू नये, याला तीन कारणे आहेत. पहिले असे की, या सुधारणांचा लाभ प्रथम त्या घरालाच होतो. धूर घरच्या बाईच्या छातीत जातो, डास घरच्या मुलाला चावतो आणि पैसे घरच्या खिशातून जातात. दुसरे, एका आळीतील दहा घरांनी वळचणीचे पाणी सार्वजनिक विहिरीकडे वळविले तर ती विहीर दहा घरांची राहते. ती आटली किंवा नासली म्हणजे मग टँकरवाल्याचीच मर्जी उरते. तिसरे, ज्या गावाने आपले पाणी व कचरा नीट राखला आहे, त्या गावाच्या ग्रामसभेचा शब्द बाहेरच्यास सहज डावलता येत नाही. गोदामाच्या प्रचंड छपरावरचे पाणी कोठे जाते, असा प्रश्न ज्याने आपली पन्हळ आधी बसविली त्याने विचारला, तर त्याला वजन येते.

कार्यकर्त्यांसाठी

२००० साली सुरू झालेले संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान असो की २०२० मधील माझी वसुंधरा अभियान, या कार्यक्रमांनी गावांस उत्साह दिला. परंतु मोहिमेचा दिवस संपल्यावर पन्हळ साफ करणारा हात कोणाचा, यावर सारे अवलंबून असते. म्हणून कार्यकर्त्यांनी एकाच भेटीत सर्व सुधारणांची यादी वाचून दाखवू नये. पहिल्या वर्षी ज्यास पैसा लागत नाही ते करवावे : कोरडी लाकडे, वेगळा कचरा, प्लास्टिक न जाळणे, सांडपाण्यावर केळी. त्याचा गुण दिसल्यावर पन्हळ, गाळण, दिवे व खताची टाकी ही थोड्या खर्चाची कामे घ्यावीत. मोठ्या खर्चाच्या योजना त्यानंतर. नोंदवहीत किती वस्तू बसविल्या याबरोबर, एका पावसाळ्यानंतर किती चालू आहेत, याचाही एक रकाना असावा. तो रकाना भरताना कधी मान खाली घालावी लागेल. पण त्यावाचून चुलींच्या कार्यक्रमाची चूक पुन्हा होईल.

मानकोलीच्या शेतकऱ्याजवळ पूर्वीइतकी जमीन राहिलेली नाही. तिच्या जागी जे उभे राहिले ते उठवून पुन्हा भात लावणे त्याच्या हाती नाही. त्याच्या हाती उरले आहे ते घर, अंगण, विहीर आणि परसातील चार हात माती. ही जागा लहान आहे म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. उलट तीच आता त्याची सर्वांत जपण्याजोगी शेती आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी निदान एक पन्हळ विहिरीकडे वळवावी. एवढे काम एका दिवसाचे आहे, आणि त्यासाठी कोणत्याही मंजुरीची वाट पाहण्याची आवश्यकता नाही.